न आलेल्या गेममधलं वजन

‘लवकरच येत आहे’ असं कुठेही छापलेलं दिसलं की मला अजून राग येतो. दुकानाची पाटी असो, रस्त्याचं काम असो, नाहीतर मोबाइलवरचा गेम असो. लवकरच म्हणजे कधी, ते सांगा ना! माझा नवरा हसतो. म्हणतो, तू एवढी चिडतेस, तुला काय कंपनीने स्वतः येऊन शब्द दिला होता? मला कोणी दिला नव्हता. मीच तो एका मुलीला दिला होता, आणि तिने तो धरून ठेवला होता.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. माझे बाबा मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका मिळत नव्हती, म्हणून ते कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. आम्ही शाळेच्या आवारातच दोन खोल्यांत राहायचो आणि जवळपास दुसरी शाळा नसल्यामुळे मीही त्याच शाळेत शिकायचे. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कव्हर घालून ठेवलेला असायचा आणि साहेब येणार असले की तेवढ्यापुरतं कव्हर निघायचं.

ठाण्याचा मामा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याची वाचून झालेली इंग्रजी मासिकं तो आमच्याकडे आणून टाकायचा. मासिकाला चिकटवलेली सीडी आईने वाळवणावरच्या चिमण्या हाकलायला दोरीला टांगली होती. मासिक मात्र माझं. नववीच्या पावसाळ्यात आलेल्या अंकात मधल्या चार पानांवर पुढे येऊ घातलेले गेम होते, वाट पाहण्यासारखे म्हणून निवडलेले. सगळे रोल-प्लेइंग. म्हणजे काय, ते मी डिक्शनरी घेऊन दोन दिवसांत शोधून काढलं. नुसतं गोळ्या झाडत पुढे जायचं नाही. आधी आपण कोण ते ठरवायचं. नाव, चेहरा, अंगातलं बळ, बुद्धी, येणारी विद्या. मग त्या माणसाने जगायचं, चुका करायच्या, शिकायचं आणि हळूहळू मोठं व्हायचं.

मी ती पानं घेऊन सूर्यमाळकडे गेले. सूर्यमाळ म्हणजे माझी मैत्रीण. वर्गात एकाच नावाच्या चार-पाच मुली असायच्या, म्हणून वसतिगृहात मुलींना गावाच्या नावानेच हाक मारायची पद्धत होती. ही सूर्यमाळच्या एका वरच्या पाड्यावरची. अंगाने काडी, पण गणितात मला दहा वेळा विकेल अशी. तिचे आईवडील भात कापून झालं की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे.

मी वाचून मराठीत सांगायचे, ती ऐकायची आणि प्रत्येक गेमवर निकाल द्यायची. पहिल्यात अग्नी ओकणारे प्राणी आणि तलवारी होत्या. ती म्हणाली, “ह्याच्यात नुसता मारायचाच काम हाय. नको.” दुसऱ्यात एक मोठं बेट होतं आणि माणसाला तहानभूक लागायची. जेवण मिळालं नाही तर त्याची ताकद कमी होत जायची. मासिकाने त्याचं फार कौतुक केलं होतं, इतकं खरंखुरं आजवर कोणी केलं नाही म्हणून. ती खो खो हसली. “भूक लागली का ताकद कमी? हा तं मी सुट्टीत घरी रोज खेळते.” मीही हसले. ते हसणं आठवलं की आज मला लाज वाटते, पण तेव्हा खरंच हसू आलं होतं.

तिला आवडला तो तिसरा. त्यात एक पोर गाव सोडून जातं, शिकतं, भटकतं आणि पुष्कळ वर्षांनी परत येतं. मधल्या काळात त्याने जे काही केलं असेल, त्याप्रमाणे गाव त्याच्याशी वागतं. कोणी पाणी पुढे करतं, कोणी दार लावून घेतं. तो गेम दिवाळीच्या सुमारास येणार असं छापलं होतं. “मना हा पायजे,” ती म्हणाली. मीही मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, की आला की मामा तो शाळेच्या कॉम्प्युटरवर घालून देईल आणि पहिली तूच खेळशील. मामाला विचारलं नव्हतं, बाबांना विचारलं नव्हतं. मुख्याध्यापकांचं तर नावच सोडा.

तोवर काय करायचं? तोवर आम्ही तो गेम कागदावर खेळायला लागलो. मी गेम आणि ती खेळाडू. फाशांऐवजी फोडून घासलेले चिंचोके. नकाशा आमच्याच भागाचा, त्यात डोंगर, झरे, ओहोळ आणि मध्ये एक मोठं शहर, जे आम्हा दोघींनाही नीट माहीत नव्हतं. रविवारी दुपारी मुली कपडे धुऊन वाळत घालायच्या, तेव्हा आम्ही आमच्या खोलीमागच्या पायरीवर बसायचो. माझ्या गेममध्ये राक्षस पुष्कळ होते. ती त्यांच्या वाटेला जायचीच नाही. मिळालेले गुण ती सगळे पाणी शोधण्याच्या विद्येवर खर्च करायची.

एका नियमावरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी ठरवलं होतं की बळ दहाच्या खाली गेलं की खेळाडूने गावी परत जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. तिने चिंचोके फेकून दिले. “दमलेल्या मानसाला हाकलायचा नसतो. तिथंच बसवून खायाला द्यायचा.” मी म्हटलं, गेम मी आहे, नियम माझा. दोन रविवार ती आली नाही. शेवटी मीच नियम बदलला.

खेळाडूची माहिती लिहायला आम्हाला कार्ड हवं होतं. बाबांच्या कपाटात आरोग्य तपासणीच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता. वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली तेव्हा मी लहान होते, पण त्यानंतर आमच्या भागात वजनकाटा आणि कार्ड कोणाला चुकलं नव्हतं. नाव, इयत्ता, गाव, उंची, वजन, रक्त, दृष्टी, शेरा. खेळातला माणूस तयार करायला इतकी सोयीची वस्तू दुसरी नव्हती. मी दोन कार्डं काढून घेतली. माझ्यावर मी एक लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं, जे मला नीट उच्चारताही येत नव्हतं. तिने स्वतःचं नाव लिहिलं. स्वतःचं गाव, स्वतःची इयत्ता.

मी म्हटलं, अगं, कोणीही होता येतं, तेच तर आहे ह्यात.

“दुसऱ्याचा नाव कशाला घेऊ? मोठी व्हनार तं मीच ना?”

मग ती वजनाच्या रकान्याशी बराच वेळ थांबली आणि तिने पंचेचाळीस किलो लिहिलं. मी म्हटलं, चाळीस पुष्कळ झालं. तिने ऐकलं नाही. रक्त चौदा. दृष्टी उत्तम. शेऱ्यात निरोगी. अक्षर मुद्दाम तिरकं आणि घाईचं काढलं, दवाखान्यातल्या माणसांचं असतं तसं. दोन्ही कार्डं मी मासिकात घालून गादीखाली ठेवली.

दिवाळी आली आणि गेली. मामाने आणलेल्या नव्या अंकात कोपऱ्यात चार ओळी होत्या, की तो गेम आता उन्हाळ्यात येईल. मला रडू फुटलं. ती म्हणाली, “बरा झाला. तवर तयारी करू.” पुढे तो गेम खरोखर आला, पण त्याला आणखी वर्ष-दीड वर्ष लागलं. मी तो नाशिकला कॉलेजात असताना एका सायबर कॅफेत पाहिला. खुर्चीवर बसले, नाव टाकायचा चौकोन समोर आला आणि मी उठून बाहेर पडले. असो.

जानेवारीत आरोग्य तपासणीचं पथक आलं. व्हरांड्यात टेबल, काटा, उंचीची पट्टी आणि मुलींची रांग. दिवसभर नुसता गोंधळ. मुली रांगेतून पाणी आणायला जायच्या, परत यायच्या, मध्येच स्वयंपाकघरातून कोणाला तरी बोलावणं यायचं. डॉक्टरांनी शेवटी गठ्ठा पुढ्यात घेऊन एकापाठोपाठ एक सह्या केल्या आणि जीप गेली. मी सूर्यमाळला विचारलं, झाली का तुझी? ती म्हणाली, झाली.

दुसऱ्या दिवशी बाबा रजिस्टर भरायला बसले. माझं अक्षर चांगलं म्हणून ते कार्ड वाचायचे आणि मी लिहायचे. तीस-पस्तीस नावं झाली आणि तिचं नाव आलं. बाबांनी एका सुरात वाचलं, “वजन पंचेचाळीस, रक्त चौदा, निरोगी.” मी मान वर केली. त्यांच्या हातात आमचंच कार्ड होतं, खाली डॉक्टरांची सही असलेलं. बाबांना काहीच वाटलं नाही. दीडशे मुलींमध्ये कोणाचं किती वजन, हे कोण लक्षात ठेवणार? “लिही की,” ते म्हणाले. मी लिहिलं.

रात्री गादीखालचं मासिक उघडलं. माझं कार्ड होतं, तिचं नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं, की हे मासिक कपाटापाशी कधीतरी चाळताना ते कार्ड माझ्याच हातून गठ्ठ्यात पडलं असणार. चूक माझी. आणि सांगितलं तर काय होणार तेही मला दिसत होतं. सरकारी कार्डं चोरली म्हणून मार, मासिक जप्त, गेम बंद. मी चौदा वर्षांची होते, एवढंच मला दिसलं. मी गप्प बसले.

त्याच आठवड्यात लाल शेरा मिळालेल्या पाच मुली पत्र्याच्या पेट्या घेऊन घरी गेल्या. ही आमच्याकडची रीतच होती. वजन फार कमी भरलं की बाबा मुलीला घरी पाठवायचे. आईबापाच्या नजरेसमोर राहील, असं म्हणायचे. खरं कारण सगळ्या शिक्षकांना माहीत होतं. वसतिगृहात काही बरंवाईट झालं तर चौकशी लागते, घरी झालं तर लागत नाही. आणि जानेवारीत त्या घरांना कुलूप असायचं. मुली पाड्यावरून तशाच भट्टीवर जायच्या. त्यांतली एखादीच परत यायची. मी हे दर वर्षी पाहत होते, आणि तरी ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. बाबा करतात म्हणजे बरोबरच असणार, असं मला वाटायचं.

सूर्यमाळ त्या दिवशी व्हरांड्यात खांबाला टेकून त्या पाचजणींना जाताना पाहत होती. मी तिला खेळायला ओढून नेलं.

फेब्रुवारीत ती दोन पायऱ्या चढली तरी बसायला लागली. ओठ पांढरे दिसायचे. खेळताना चिंचोके हातात घेऊन नुसतीच बसायची, तिची पाळी आहे हे मला सांगावं लागायचं. ज्या मुलींची नोंद थोड्या अशक्त म्हणून झाली होती त्यांना लाल गोळ्या आणि दूध मिळायचं. पंचेचाळीस किलोच्या मुलीला कोण देणार? मी आमच्या घरचे शेंगदाणे आणि गूळ खिशात घालून न्यायचे. तेवढ्याने भरपाई होईल अशी माझी समजूत होती. खरं तर मला आतून भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी तिच्यावरच डाफरायचे, की नीट खेळत का नाहीस.

मार्च लागला तेव्हा विहीर तळाला गेली होती. पोहरा सोडायला वाकलेली असताना ती काठावरच कोसळली. आत पडली नाही, एवढंच. बाबांनी जीप बोलावली आणि तिला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे काट्यावर तिचं वजन एकोणतीस भरलं. बाबा संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या हातात रजिस्टर होतं आणि ते पान उघडलेलं होतं.

मी सगळं सांगितलं. मासिक, कार्ड, चिंचोके, सगळं. मला वाटलं होतं ते मारतील. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, “आणखी कोणाला सांगितलंस?” कोणाला नाही म्हटल्यावर ते खाटेवर बसले. मुलगी कशी आहे, हे सांगायला त्यांना आणखी काही वेळ लागला. मला माझ्या बाबांची तेव्हा किळस आली. पण गेले सात आठवडे मीही त्यांच्यासारखीच वागले होते, तेव्हा किळस करायचा मला काय अधिकार होता?

दोन दिवसांनी आईबरोबर मी जव्हारला गेले. सूर्यमाळ खाटेवर उशीला टेकून बसली होती. हाताला सुई, पण ओठांवर थोडा रंग आला होता. आई डॉक्टरांकडे गेली आणि मी रडायला लागले. माझ्यामुळे झालं, कार्ड माझ्या हातून पडलं, मला माफ कर, असं काहीतरी बोलत सुटले.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तुझ्या हातून नाय पडला. मीच काढला. मासिक तूच दावलीस ना मना, कुठं ठेवतेस ते.”

मला कळेना.

“रांगेतून पाण्याला गेले, काट्यावर चढलेच नाय. येताना टेबलावर ठेवला. दुसऱ्या कार्डांच्या मधी.”

“पण का?”

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की एवढंही कसं कळत नाही. “लाल लागला असता तं सर मना घरी पाठवतात. घरी कोन हाय? भट्टीवर गेले का गेले. मना दहावी करायची हाय.” जरा थांबून म्हणाली, “दोन महिनंच काढायचं व्हतं. मग वर्ष संपला असता. तू कोनाला सांगू नको.”

 मला सांगावंच लागलं.

“मी बाबांना सांगितलंय. परवाच.”

ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने फक्त डोळे मिटून घेतले. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो चादरीखाली घेतला. आई परत येईपर्यंत मी तशीच उभी होते. तिला मी कागदावर डोंगर ओलांडायला लावले होते, राक्षस दिले होते, चिंचोक्यांवर तिचं बळ ठरवलं होतं. आणि खरा खेळ ती एकटी खेळत होती, माझ्या शेजारी बसून, जानेवारीपासून रोज. त्यात मी नेमकी कोण होते, हे ठरवायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

बारा-तेरा दिवसांनी डॉक्टरांनी तिला सोडलं. तिला दूध, अंडी, गोळ्या आणि विश्रांती द्या, असं लिहून दिलं होतं. हे सगळं वसतिगृहात देता आलं असतं. मी बाबांना तसं म्हटलं. आधी साधं म्हटलं, मग ओरडून म्हटलं. ते म्हणाले, पुन्हा काही झालं तर उत्तर कोण देणार, तू?

तिचे वडील भट्टीवरून तिला न्यायला आले. जव्हारच्या स्टँडवर आम्ही सगळे उभे होतो. त्यांचा शर्ट नवा होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. बाबा म्हणाले, “वजन वाढलं की आणून सोडा.” तिच्या वडिलांनी हो हो म्हणत मान हलवली आणि मग ते माझ्याकडे वळले. बाबांनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यांनी मला, एका नववीतल्या मुलीला, हात जोडले.

“गुरुजींच्या पोरीनं सांगला म्हनून माझी पोर वाचली. लय उपकार झाले, बाय.”

ती त्यांच्या मागे उभी होती. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. तिने पेटी उचलली आणि ती बसमध्ये चढली. खिडकीची जागा रिकामी होती, तरी ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

जूनमध्ये बाबा आमचे वर्गशिक्षक झाले. दहावीची पहिली हजेरी. तिचं नाव अजून पटावर होतं. बाबांनी ते पुकारलं, क्षणभर थांबले आणि वहीतून मान वर न करता पुढचं नाव घेतलं. मी उभी राहिले. “सर, तिला तुम्ही पाठवलंत,” मी म्हणाले, “आणि मी सांगितलं म्हणून पाठवलंत.”  बाबांनी पुढचं नाव पुन्हा एकदा पुकारलं.